कावून रडायलीस, माय?

धारूरच्या बाजारपेठेत वैजिनाथअप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. दुकानाच्या पाटीशेजारी दोन वर्षांपासून आणखी एक लहान पाटी लागलेली आहे: 'इटालियन भाषा वर्ग. शनिवार, रविवार.' परगावचा माणूस ती पाटी दोनदा वाचतो, मग दुकानात शिरून विचारतो. अप्पा पातेल्याला कल्हईवाल्याची खूण करता करता सांगतात, "वर जा. पायरी जपून."

वर्ग घेते ती कावेरी, अप्पांची थोरली मुलगी आणि माझी विद्यार्थिनी. आठवी ते दहावी मी तिला मराठी शिकवलं. आज ज्या गोष्टीसाठी तिला लांबलांबून फोन येतात, ती गोष्ट तिच्या तोंडून घालवायचा मी तीन वर्षं अगदी मनापासून प्रयत्न केला, हे आधीच कबूल करतो. ती निबंधात लिहायची, 'आमी कपिलधारला गेलतो.' मी लाल शाईनं खोडून 'आम्ही गेलो होतो' करायचो. ती निमूटपणे शुद्ध वाक्य तीनदा लिहून आणायची. एकदाच तिनं विचारलं, "सर, घरी सगळेच असं बोलतेत. मग सगळे रोजच चुकतेत का?"

मी "हो" म्हणालो. दुसरं उत्तर मला ठाऊक नव्हतं.

बारावी झाल्यावर तिला कुठून तरी कळलं की भाषा कशी बनते, माणसं का वेगवेगळं बोलतात, याचाच एक विषय असतो आणि तो विद्यापीठात शिकवतात. हैदराबादच्या एका विद्यापीठाची प्रवेश परीक्षा तिनं दिली आणि पासही झाली. पाच वर्षांचा अभ्यासक्रम होता. भाषाशास्त्र मुख्य, पण नियम असा की सोबत एक परदेशी भाषा तितक्याच गांभीर्यानं शिकायची. कावेरी प्रवेशाला पोचेपर्यंत फ्रेंच आणि जर्मन भरून गेलं होतं.

घरी फोन आला तेव्हा मी दुकानातच बसलो होतो. अप्पांनी फोन कानाला घट्ट धरून विचारलं, "इटालियन? इटालियन कावून?"

पलीकडून कावेरी म्हणाली, "अप्पा, तिथंच जागा शिल्लक व्हती."

अप्पांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. "सर, ह्याचा उपयोग काय हो?"

मी म्हणालो, "शिकतेय ना, शिकू द्या."

पहिलं वर्ष तिला जड गेलं. अभ्यासापेक्षा बोलण्यानं. वसतिगृहात तिच्या खोलीत पुण्याची आरोही होती, मनानं चांगली, पण कावेरीनं "जेवायलीस का?" विचारलं की तिला हसू आवरायचं नाही. ती मैत्रिणींना बोलावून आणायची. "परत म्हण ना, कावेरी, परत म्हण." कावेरीनं मग मराठी बोलणंच कमी केलं. आरोहीशीही ती इंग्रजीत बोलू लागली. सुट्टीत घरी आली तर आईशीसुद्धा पुस्तकी बोलायची. तिची आई शांतादेवी मला म्हणाल्या, "लेकरू माझ्याशी पाव्हण्यासारखं बोलायलंय सर."

यातून ती बाहेर पडली ती दोन तासांमुळं. दोन्ही एकाच आठवड्यात झाले.

पहिला तास इटालियनचा. पद्मजा मॅडम 'पिझ्झा' हा शब्द इटलीत कसा म्हणतात ते शिकवत होत्या. त्यात झ नाही, त आणि स एकमेकांना चिकटून येतात. वर्गातली पोरं कुणी 'पिट-सा' म्हणत होती, कुणी 'पिच्चा'. उत्तरेकडच्या मुलांच्या जिभेला तो आवाज काही केल्या सापडेना. कावेरी मागच्या बाकावर होती. तिची पाळी आली. तिनं एका दमात म्हटलं.

मॅडम थांबल्या. "कुठं शिकलीस?"

"मॅडम, आमचा चमच्यातला च असाच हाय." गडबडीत ती मराठीतच बोलली, मग इंग्रजीत सांगितलं. चहातला च वेगळा, चमच्यातला च वेगळा. लिहायला एकच अक्षर, बोलायला दोन. आणि अप्पांच्या दुकानात चमचे डझनानं, त्यामुळं तो च तिच्या तोंडात लहानपणापासून मुरलेला.

दुसरा तास सिद्दिकी सरांचा, ध्वनिविचाराचा. हे सर मूळचे हैदराबादचे. त्यांनी प्रत्येकाला घरच्या बोलीतली दहा वाक्यं म्हणायला लावली. कावेरीनं शुद्ध पुस्तकी मराठी म्हटली. सरांनी पेन खाली ठेवलं.

"ये तुम अम्मी के साथ बोलते?"

"नाही सर."

"तो मेरे को वो सुनाओ जो अम्मी के साथ बोलते."

तिनं खाली मान घालून म्हटलं, "आमी काल बाजारला गेलतो. तुमी काय करायलात?"

सरांनी फळ्यावर 'आम्ही' आणि 'आमी' शेजारी शेजारी लिहिलं. मग म्हणाले, "हमारे यहाँ भी यही है. 'मुझे' नहीं, 'मुजे' बोलते. 'भी' नहीं, 'बी'. ये गलती नहीं है बेटा, कायदा है. सबके मुँह में एक ही जगह से ह निकल जाता है. गलती होती तो हर आदमी अलग जगह करता."

कावेरीनं ही हकिकत मला नंतर कितीतरी वर्षांनी सांगितली. सांगताना ती माझ्याकडं पाहून हसली, आणि मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. पण त्या रात्री मी माझ्या घरात माझ्या आईची बोली आठवत बसलो. आईही 'आमी'च म्हणायची.

त्यानंतर तिचे दोन्ही विषय एकमेकांत मिसळले. इटालियनमध्ये 'नोनो' म्हणजे नववा आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा, हे इतर मुलं पाठ करायची. कावेरी वहीच्या कडेला लिहायची, 'पता, पत्ता'. 'मी आत्ता बोलतेय' यासाठी इटालियनमध्ये जी रचना आहे, तिच्यापुढं तिनं सरळ लिहिलं, 'बोलायले'. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी तिनं धारूर तालुक्यातल्या बायकांच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण केलं. चुलीपाशी, विहिरीवर, बचत गटाच्या बैठकीत. आरोही एकदा तिच्याबरोबर आली होती आठ दिवस. जाताना तीच "निघायलेय मी" म्हणून गेली.

अभ्यासक्रम संपला तो लॉकडाऊनमध्ये. शेवटचं सत्र कावेरीनं दुकानाच्या माळ्यावर, परातींच्या चळतीमागं बसून ऑनलाइन दिलं, कारण मोबाइलला रेंज तिथंच यायची. नोकरीची पत्रं रद्द झाली. तिनं घरूनच काम धरलं. इटलीतल्या यंत्रांची माहितीपुस्तकं इंग्रजीत करायची, आणि ऑनलाइन शिकवायचं. काम रुक्ष होतं, पण ती खूश होती. अप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे, "इटलीची मशीन बिघडली तर आमच्या पोरीला कळतंय."

मग एका दुपारी मार्ताचा निरोप आला.

मार्ता म्हणजे उत्तर इटलीतल्या एका लहान शहरातली परिचारिका. वय त्रेचाळीस. चार वर्षांची असताना पुण्यातल्या एका संस्थेतून एका इटालियन जोडप्यानं तिला दत्तक घेतलं होतं. भाषांतरकारांच्या यादीत कावेरीचं नाव पाहून तिनं लिहिलं होतं. तिच्या कागदांत आईबापांचं नाव नव्हतं, गाव नव्हतं. तिच्याजवळ फक्त एक वाक्य होतं. त्याचा अर्थ तिला कळत नव्हता, पण ते विसरायला नको म्हणून लहानपणापासून ती पांघरुणात तोंड घालून स्वतःशी म्हणत आली होती. तिच्या ओळखीच्या पंजाबी लोकांनी सांगितलं, ही हिंदी नाही. पुण्याच्या एका बाईंनी सांगितलं, ही मराठीही वाटत नाही, कानडी असेल. सोबत अकरा सेकंदांचा आवाज जोडलेला होता.

कावेरीनं तो लावला. इटालियन वळणाचा बाईमाणसाचा आवाज जपून जपून म्हणत होता, "काउन रडाइलिस माइ."

तिनं एकदाच ऐकलं. मग स्वयंपाकघरात गेली आणि आईसमोर परत लावला. शांतादेवी पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "कोण विचारायलंय? कोण रडायलंय?"

त्या संध्याकाळी कावेरी आणि मार्ता पहिल्यांदा बोलल्या. कावेरीनं शब्द एकेक करून सोडवले. कावून म्हणजे का. रडायलीस म्हणजे रडते आहेस. असं पुण्याकडं म्हणत नाहीत, आमच्याकडं म्हणतात, मराठवाड्यात. मग मार्तानं विचारलं, "आणि माय? माय म्हणजे आई ना? ते मला माहीत आहे. मी आईला हाक मारत होते."

"नाही," कावेरी म्हणाली. "माय म्हणजे आईच. पण आमच्याकडं मोठी माणसं लहान पोरीला माय म्हणतात, लाडानं. ही हाक तू मारलेली नाहीस. ही तुला मारलेली आहे."

पुढच्या माघात मार्ता धारूरला आली. सावळी, ठेंगणी, केस आखूड कापलेले. बाजारातून चालताना लोक तिच्याशी मराठी बोलायला जायचे आणि ती हात जोडून हसायची. वैजिनाथअप्पांच्या घरी ती आठ दिवस राहिली. शांतादेवींनी तिला पहिल्याच दिवशी पिठलं भाकरी वाढली आणि ती मांडी घालून बसली, अगदी सहज, हे पाहून त्या मला कुजबुजत म्हणाल्या, "शरीर विसरत न्हाई सर."

पहिले तीन दिवस दोघींनी तालुका पालथा घातला. कावेरीनं प्रबंधासाठी ज्या गावांत आवाज गोळा केले होते, त्या सगळ्या गावांत जुन्या बायकांना विचारलं. चाळीस वर्षांपूर्वी कुणाची चार वर्षांची पोर हरवली, कुणी पुण्याकडं सोडली, काही ऐकिवात आहे का? कुणालाच काही माहीत नव्हतं. दोन घरी तर बायकांनी उगाच डोळे पुसले आणि नसलेल्या आठवणी सांगायला लागल्या. कावेरी तिसऱ्या दिवशी परत आली ती उतरलेल्या चेहऱ्यानंच. तिला वाटलं, आपण या बाईला चुकीची आशा दाखवली. बोली ओळखली म्हणजे माणूस ओळखलं असं नव्हे, हे तिला कळायला हवं होतं.

शांतादेवी शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "कावेरी, हे वाक्य हिला कुणी म्हटलं म्हणतीस?"

"आईनं म्हटलं असंल."

"आईजवळ असल्यावर लेकरू एवढं कावून रडंल? अन् रडलं तरी त्येची आठवण कावून राहील? लेकरू ध्यान राहण्याजोगं रडतं ते आई गेल्यावर. मग ज्यानं जवळ घेतलं, त्येचा आवाज राहतो." त्यांनी एक शेंग फोडून दाणे ताटलीत टाकले. "तुमी गावात हुडकायलात. त्या संस्थेत कोण व्हतं, ते हुडका."

कावेरी पाच वर्षं विद्यापीठात शिकली होती, पण हा प्रश्न तिला सुचला नव्हता. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगते.

संस्था केव्हाच बंद झाली होती. पण मार्ताच्या कागदांवर एका अधीक्षक बाईंची सही होती. चार फोन केल्यावर त्या सापडल्या, नव्वदी गाठलेल्या, पुण्यात मुलीकडं राहणाऱ्या. कावेरीनं विचारलं, तुमच्याकडं लेकरं सांभाळायला बीडकडची कुणी बाई होती का? पलीकडून लगेच उत्तर आलं, "सुभद्रा! गेवराईची. तिचं बोलणं मला कधी धड कळलं नाही, पण पोरांना कळायचं."

सुभद्राबाई हयात होत्या. गेवराईच्या अलीकडं एका वस्तीवर, भाचा बजरंग याच्याकडं. दुसऱ्याच दिवशी सकाळी अप्पांनी गाडी सांगितली. मीही बरोबर गेलो. घाट उतरून तेलगाव, वडवणी, बीड, मग हायवेला वाळूच्या ट्रकांमागून हळूहळू गेवराई. मार्ता खिडकीतून ऊस आणि कापूस पाहत होती. एकदाच ती कावेरीला काहीतरी म्हणाली. "घाबरलीय," कावेरीनं मला सांगितलं. "म्हणतीय, तिला मी आठवले नाही तर?"

सुभद्राबाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. अंगानं वाळलेल्या, पण आवाज खणखणीत. बजरंगनं खुर्च्या मांडल्या, पाणी दिलं. कावेरीनं सगळं सांगितलं. म्हाताऱ्या बाईंनी मार्ताला जवळ बोलावलं, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडं वळवला आणि बराच वेळ पाहिलं.

मग म्हणाल्या, "माय, खोटं कावून बोलू? मला लई लेकरं व्हती. तेरा वर्षं मी तिथं व्हते. हीच का ती, मला न्हाई सांगता यायचं."

कावेरी इथं अडखळली. शब्द येत होते, पण ते म्हणवत नव्हते. थोडं गोड करून सांगावं असं तिच्या मनात आलं, हे तिनं मला परतताना सांगितलं. थोडं वळवलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण तिनं जसं होतं तसं इटालियनमध्ये सांगितलं.

मार्तानं ऐकलं. मग ती तिचं वाक्य म्हणाली. अकरा सेकंदांतलं.

सुभद्राबाई हसल्या, मोकळ्या तोंडानं. "हां! हे माझंच. दुसरं कोण म्हणंल तिथं? त्या बाकीच्या समद्या पुण्याच्या." मग मार्ताकडं वळून त्यांनी ते स्वतः म्हटलं, जसं म्हणतात तसं, डोक्यावरून हात फिरवत. "कावून रडायलीस, माय? मी हाय न्हवं." आणि कावेरीला म्हणाल्या, "तिला सांग, ह्येचा पुढचा भाग ती विसरली."

मार्ता आता खरंच रडत होती. कावेरीनं तिला पुढचा भाग सांगितला. मी आहे ना. मार्तानं तो तीन वेळा म्हणून घेतला. मग तिनं विचारलं, हे तुम्ही सगळ्याच मुलांना म्हणायच्या का?

"समद्यांनाच. रडायचे तर समदेच."

कावेरीला वाटलं, हे ऐकून मार्ता खट्टू होईल. उलट तिचा चेहरा उजळला. ती म्हणाली, "म्हणजे आम्ही खूप जण आहोत."

दुपार तिथंच गेली. सुभद्राबाईंनी किती काय सांगितलं: नवरा वारल्यावर आपण पुण्याला कशा गेलो, पहिले सहा महिने आपणही लेकरांइतक्याच कशा रडलो, भाकर दुधात कुस्करून दिली की कुठलंही लेकरू कसं वळणावर यायचं. कावेरी इकडचं तिकडं करत राहिली. मी पाहत होतो. ती सुभद्राबाईंशी 'लई' आणि 'न्हाई' बोलायची, आणि पुढच्या क्षणी मान वळवून इटालियन. तिचा आवाज दोन्हीकडं सारखाच मोकळा होता.

मार्ताच्या आईचा शोध काही लागला नाही, पुढंही लागला नाही. मार्तानं तो फार ओढलाही नाही. राहिलेल्या दिवसांत शांतादेवींनी तिला कपिलधारला नेलं, धारूरचा किल्ला दाखवला, आणि साडी नेसवून फोटो काढला. आता ती महिन्यातून एकदा बजरंगच्या फोनवर सुभद्राबाईंशी बोलते. कावेरी मधे असते, पण कमी कमी. मार्तानं कावेरीकडून मराठी शिकायला घेतली आहे, आणि कोणती शिकवायची असं कावेरीनं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, बाजेवरची.

मार्तासारख्या दत्तक गेलेल्यांचा तिकडं एक गट आहे. त्यांच्यातून आता कावेरीकडं आवाज येतात. कुणाला एक शब्द आठवतो, कुणाला अर्धं गाणं, कुणाला नुसता सूर. कावेरी ऐकते, सिद्दिकी सरांना पाठवते, कधी तेलुगू, कधी कोकणी जाणकारांना विचारते. बहुतेक वेळा काही हाती लागत नाही आणि ती तसं स्पष्ट कळवते. तीन जणांच्या बाबतीत निदान जिल्हा कळला. आठवड्यातून दोन दिवस ती अंबाजोगाईला कॉलेजात भाषाशास्त्र शिकवते. शनिवार-रविवारी वरच्या खोलीत सहा विद्यार्थी असतात. त्यांत दोघी नर्सिंगच्या मुली आहेत, तिकडं नोकरीला जायचंय त्यांना. एक संगीत शिकणारा रविराज. आणि एक माझ्याच वयाचे निवृत्त तलाठी, ज्यांना कुठंही जायचं नाही, फक्त शिकायचं आहे.

या उन्हाळ्यात कावेरी पहिल्यांदा इटलीला निघाली आहे, मार्ताकडं, तीन आठवड्यांसाठी. मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा फोन समोर ठेवून घरातली सगळी जमली होती. पडद्यावर मार्ताची आई, ज्यांनी तिला वाढवलं त्या, ऐंशीच्या पुढच्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या. त्या विचारत होत्या की मुलगी येणार तर तिला जेवायला काय करू.

कावेरी आईकडं वळून म्हणाली, "काहीही चालतं म्हणते मी."

"असं कावून सांगायलीस?" शांतादेवींनी फोन स्वतःकडं ओढला आणि सरळ त्या इटालियन म्हातारीशीच बोलायला लागल्या. "वांगं खात न्हाई ही. लहानपणापासून. ताटाच्या कडंला सारती. अन् सकाळी उपाशी बाहेर पडू देऊ नका." मग लेकीला म्हणाल्या, "सांग की आता."

कावेरीनं लाजत सांगितलं. पलीकडं म्हाताऱ्या बाईंनी चष्मा लावला, कागद घेतला आणि वांगं लिहून घेतलं.